मेनू गायब, विंडोज निळी, घड्याळ मागे: दोन सिस्टिमच्या जुन्या कॉम्प्युटरचं समस्या निवारण

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, इतके दिवस सगळं सुरळीत होतं, आणि आता यातलं एखादं लक्षण दिसतंय:

– चालू केल्यावर कुठली सिस्टिम हवी हे विचारणारा काळा मेनू येतच नाही, सरळ विंडोज उघडते.
– लिनक्स नीट चालतं, पण विंडोज निवडली की निळा पडदा आणि परत रीस्टार्ट. हेच चक्र.
– ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’.
– ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच ओळ आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.
– घड्याळ बरोब्बर साडेपाच तासांनी चुकलेलं, नाहीतर थेट काही वर्षं मागे गेलेलं.
– ब्राउझर प्रत्येक साइटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतोय.
– लिनक्समधून विंडोजची डी ड्राइव्ह दिसते, पण तिच्यात काही सेव्ह होत नाही.
– लाईट जाऊन आल्यावर लिनक्स ‘इनिट्रॅमएफएस’ लिहून अडकतं.

पहिली सूचना: फॉरमॅट मारू नका. गावात कॉम्प्युटर बिघडला की पहिला सल्ला तोच मिळतो, आणि दोन सिस्टिमच्या मशीनवर तोच सगळ्यात महाग पडतो.

आमच्याकडे, सिंधुदुर्गात, या तक्रारींचे दोन हंगाम आहेत. एक मृगाच्या आसपास, वळवाच्या गडगडाटानंतर. दुसरा गणपतीच्या आधी, जेव्हा चाकरमानी येऊन महिनोन्‌महिने बंद असलेलं घर उघडतात. फोनवर वाक्य साधारण एकच: “काल सांजेक बरो होतो, आता नुसतो काळो पडदो.” दोन्ही हंगामांचं कारणही बहुतेकदा एकच निघतं. वीज चमकायला लागली की आपण प्लग काढून ठेवतो (बरोबरच करतो), आणि बंद घरात तर मेन स्विचच खाली असतो. प्लग लावलेला असेल तर डेस्कटॉप बंद असतानाही एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीज देणाऱ्या डब्यातून) मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते. ती थांबली की घड्याळ आणि बायोसच्या (चालू करताच सगळ्यात आधी उठणाऱ्या, मदरबोर्डमधल्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज जपण्याचं काम एकट्या बटण-सेलवर येतं. सेल जुना असेल तर तो मान टाकतो, आणि बायोस कंपनीने दिलेल्या मूळ सेटिंगवर परत जातो.

एकट्या विंडोजचा कॉम्प्युटर मूळ सेटिंगवरही बहुधा चालू होतो. दोन सिस्टिमचा बऱ्याचदा अडतो, कारण तो बसवताना कोणीतरी बायोसमध्ये दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदललेल्या असतात. त्या पुसल्या गेल्या की वाटतं लिनक्स उडालं, नाहीतर विंडोज उडाली. डिस्कवर सगळं जागच्या जागी असतं.

तपासण्या फुकटच्यापासून अवघडाकडे दिल्या आहेत, त्याच क्रमाने करा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.

यूएसबीला लावलेलं सगळं काढा

पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, डोंगल, मोबाईलची केबल, सगळं काढून नुसत्या कीबोर्ड-माउसवर चालू करून बघा. बायोस मूळ सेटिंगवर गेला की पुष्कळ जुने बोर्ड आधी यूएसबीवर सिस्टिम शोधतात. तिथे फोटोंनी भरलेला पेनड्राइव्ह सापडला की ‘सिस्टिम नाही’ म्हणून थांबतात. मागच्या बाजूला विसरलेला पेनड्राइव्ह हे कारण हास्यास्पद वाटतं, पण निघतं.

घड्याळ किती चुकलंय ते बघा

या एका आकड्यावरून पुढची अर्धी वाट ठरते.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर काहीही बिघडलेलं नाही. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक वेळ. भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ तेवढं मागे पडलेलं दिसतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड द्या. लिनक्सही स्थानिक वेळ मानायला लागेल. कमांड दिल्यावर एक इशारा येतो. तो मुख्यतः उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ सरकवणाऱ्या देशांसाठी आहे, आपल्याकडे तसं काही नसल्याने अडचण येत नाही.

घड्याळ २००९ किंवा २०१२ च्या १ जानेवारीला जाऊन बसलं असेल, म्हणजे बोर्ड तयार झाला त्या सुमाराच्या तारखेला, तर संशय सेलवर. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ हेही त्याचंच पोर. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची तारीख असते, आणि कॉम्प्युटर २००९ मध्ये असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. अशा वेळी नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही.

बूट मेनूची कळ दाबून बघा

कॉम्प्युटर चालू करताच एफ १२ सारखी दाबत राहा. काही कंपन्यांत ती एफ ११, एफ ९, एफ ८ किंवा एस्केप असते. चालू होताना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बहुधा लिहिलेलं असतं. आलेल्या यादीत ‘उबुंटू’ किंवा तुमच्या लिनक्सचं नाव दिसलं तर ते निवडा. दोन डिस्क असतील तर दुसरी डिस्क निवडून बघा.

इथून लिनक्स उघडलं म्हणजे काहीही गेलेलं नाही, फक्त क्रम बदललाय. काळा मेनू दाखवणारा ग्रब हा एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरसारखा. तो जागेवर नसला तर गाड्या डेपोतच उभ्या असतात, फक्त कुठली कुठे लागली हे सांगणारं कोणी नसतं. क्रम कायमचा कसा बदलायचा ते बायोसच्या भागात येतंच आहे.

यादीत लिनक्सचं नाव नाही, पण डिस्क दिसते, तरी घाबरू नका. जुन्या पद्धतीने, म्हणजे लेगसीने बसवलेल्या मशीनवर यादीत सिस्टिमचं नाव कधीच येत नाही, फक्त डिस्कचं येतं.

विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा

लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नसेल तर कारण जवळपास नेहमी हेच. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. ड्राइव्ह अर्धवट झोपेत आहे हे लिनक्सला कळतं, म्हणून ते फक्त वाचायची परवानगी देतं. इंटरनेटवर यावर जबरदस्तीने लिहिण्याच्या कमांड सापडतील. त्या वापरू नका. उठलेल्या विंडोजच्या डोक्यात ड्राइव्हचं जुनं चित्र असतं, त्यावर ती लिहायला लागली की फाइली खराब होतात.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. तिथे फास्ट स्टार्टअपवरची टिक काढा. टिक पुसट दिसत असेल तर वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ आधी दाबा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही टिक परत आलेली मी पाहिली आहे, म्हणून तक्रार उलटली तर पहिलं इथेच बघा.

मेनू येतो, पण त्यात विंडोज नाही

हे लिनक्सच्या अपडेटनंतर होतं. ग्रबने २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, इतर सिस्टिम शोधणं सुरक्षिततेसाठी आपणहून बंद ठेवलं आहे. लिनक्सच्या ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ ही ओळ (मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर) शोधा. समोर ‘फॉल्स’ करा आणि ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह असेल तर काढा. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. पडद्यावर विंडोजचं नाव उमटलं की झालं.

बायोसच्या सेटिंग्ज

इथे सावकाश चला, कारण खरा घोळ बहुधा इथेच असतो. बायोसमध्ये जायला डिलीट, एफ २ किंवा एफ १० दाबा. काहीही बदलायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, नाहीतर इथल्या बदलानंतर विंडोज ती मागेल आणि तुम्ही बाहेर राहाल.

पहिली जागा, बूट क्रम. नव्या पद्धतीच्या, म्हणजे यूईएफआयच्या मशीनवर ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर जाऊन बसलेला दिसेल. लिनक्सची नोंद त्याच्या वर आणा. काम झालं. यात विंडोजचं काही जात नाही, कारण ग्रबच्या मेनूतून ती उघडतेच.

दुसरी, साटा मोड. लिनक्स चालतं आणि विंडोज निळा पडदा देते, त्यावर ‘७बी’ ने संपणारा आकडा किंवा ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलेलं असतं. ही जोडी दिसली की मी दुसरं काही न बघता आधी इथे येतो. डिस्कशी बोलण्याची पद्धत इथे ठरते: आयडीई, एएचसीआय किंवा रेड. विंडोज ज्या पद्धतीत बसवली तिचाच ड्रायव्हर ती सुरुवातीला उचलते, म्हणून पद्धत बदलली की तिला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. लिनक्स बहुधा सगळे ड्रायव्हर घेऊनच उठतं, त्याला फरक पडत नाही. पुष्कळ जुन्या बोर्डांची मूळ सेटिंग आयडीई असते, आणि मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतून निघून इकडे आलेल्या काही डेस्कटॉपची रेड. विंडोज मात्र बहुतेक वेळा एएचसीआयवर बसवलेली असते. तो पर्याय बदला, सेव्ह करा, बघा. नाही चाललं तर आधी होता तिथे परत आणा. यात डेटाला धोका नसतो. फक्त रेडच्या पानावर नवीन ‘व्हॉल्यूम’ तयार करायला जाऊ नका, त्याने डिस्क पुसली जाते.

तिसरी, लेगसी की यूईएफआय. काही बोर्डांवर हिला सीएसएम म्हणतात. लेगसीत बसवलेली सिस्टिम यूईएफआयमध्ये दिसत नाही आणि उलटंही तसंच, म्हणूनच ‘नो बूटेबल डिव्हाइस’. दोन्ही आलटूनपालटून बघा. एकीत विंडोज आणि दुसरीत लिनक्स उघडत असेल, तर बसवणाऱ्याने दोन सिस्टिम दोन पद्धतींनी बसवल्या आहेत. मग ग्रबच्या मेनूत दोन्ही एकत्र कधीच नीट येणार नाहीत. बूट मेनूच्या कळीवर भागवा, नाहीतर लिनक्स पुन्हा विंडोजच्या पद्धतीने बसवून घ्या.

चौथी, सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारं कुलूप. जुन्या मशीनवर लिनक्स बसवताना हे बंद केलेलं असू शकतं आणि मूळ सेटिंगवर जाताना ते परत चालू होतं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर पुष्कळ ठिकाणी ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असा संदेश येऊन लिनक्स अडलं, तेही याच दाराशी. सिक्युअर बूट बंद करा, लिनक्स उघडा, त्याच्या सगळ्या अपडेट घ्या. सिक्युअर बूट परत चालू करायचंच असेल तर त्यानंतर.

सेलची परीक्षा

सेटिंग लावून मशीन चाललं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. तारीख बरोबर करा, बंद करा, प्लग काढा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी प्लग लावून थेट बायोसमध्ये जा. तारीख मागे गेली असेल तर सेल बदला. मल्टिमीटर असेल तर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो; २.८ च्या खाली असला तर मी ठेवत नाही.

सेल सीआर २०३२, घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रिकलच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळतो. पातळ असलेला सीआर २०२५ चालवून घेऊ नका, तो खोबणीत सैल बसतो. बदलताना प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावा. अधिकची बाजू वर. खोबणीच्या पत्रीवर हिरवट थर असेल तर कोरड्या सुती कापडाने पुसा; खाडीजवळच्या घरांत हा थर हमखास असतो. मग सेटिंग परत लावा, कारण सेल काढताना त्या जाणारच. आता मघाचे फोटो कामाला येतात.

लॅपटॉपमध्ये हा सेल बहुधा वायरला जोडलेला आणि आत खोल असतो, काहींत तो नसतोच. तिथे स्वतः उघडू नका.

आर्द्रता, केबल, रॅम

बायोसमध्ये डिस्कच दिसत नसेल तर तिची केबल दोन्ही टोकांनी काढून परत बसवा. पावसाळ्यात खारी हवा संपर्कांवर बसते. चालू केल्यावर बीप येतात आणि पडदा काळाच असेल तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या पुसा, चुरा झटका, ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. आत मुंग्यांचं वारूळ किंवा पाल निघाली तर ब्रशने काढा. ओल्या फडक्याने नको, आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको.

मशीन पश्चिमेच्या खिडकीखाली किंवा पावसाळ्यात पाझरणाऱ्या जांभ्याच्या भिंतीला टेकून असेल तर हलवा. पावसाळ्यात आठवड्यातून तासभर चालू ठेवला तरी आतली ओल कमी होते.

लाईट गेल्यावर ‘इनिट्रॅमएफएस’

लिहिता लिहिता वीज गेली की लिनक्सच्या भागाची नोंदवही अर्धवट राहते. त्या ओळीवर ‘एक्झिट’ लिहून एंटर दाबा; कुठला भाग तपासायला हवा त्याचं नाव दिसेल. मग ‘एफएससीके’, जागा सोडून ‘उणे वाय’, जागा सोडून ते नाव. संपल्यावर ‘रीबूट’.

हे एकदा झालं तर वीज जबाबदार. लाईट गेलेली नसताना परत झालं तर डिस्क जबाबदार असू शकते, आणि मग दुरुस्तीच्या आधी डेटा. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स डिस्कवर न बसवता थेट चालतं) चालू करा, फोटो, जमिनीचे स्कॅन केलेले कागद, आंब्याचे हिशेब बाहेरच्या डिस्कवर काढा. नंतर ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, बघा. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे शून्य हवेत. वाढत असतील तर ती डिस्क कामातून काढा. फाइल दुरुस्तीची कमांड मरणाऱ्या डिस्कवर पुन्हा पुन्हा चालवली की ती लवकर मरते.

‘ग्रब रेस्क्यू’, शेवटची घरगुती पायरी

इथे ग्रबचा पहिला तुकडा उठलाय, पण बाकीचे ज्या भागावर होते तो त्याला सापडत नाही. आधी विचारा: घरात कोणी विंडोजमधून ‘रिकामी ड्राइव्ह’ फॉरमॅट केली का? विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, आणि त्याला अक्षर मिळालं की ती ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ म्हणून विचारते. सुट्टीत आलेला भाचा ‘येस’ दाबतो. तसं झालं असेल आणि त्या भागात महत्त्वाचं काही असेल, तर इथेच थांबा.

तसं नसेल तर लिनक्स मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह घ्या, त्यात ‘बूट रिपेअर’ असतंच. त्यातली सुचवलेली दुरुस्ती ग्रब परत बसवते. एकच पथ्य: पेनड्राइव्ह त्याच पद्धतीत, लेगसी किंवा यूईएफआयमध्ये, सुरू करा, जिच्यात मूळ सिस्टिम आहेत. उलट पद्धतीत केलेली दुरुस्ती ‘यशस्वी’ म्हणते आणि मशीन तरीही उघडत नाही. विंडोज ७ पुन्हा टाकल्यावर मेनू गेला असेल तर उपाय हाच, कारण तिने डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमधला ग्रबचा तुकडा पुसून आपला लिहिलेला असतो.

हात कधी थांबवायचा

डिस्कमधून टकटक किंवा खरखर येत असेल तर लगेच बंद करा आणि डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा काढून देणाऱ्याकडेच न्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा. अर्थिंग तपासल्याशिवाय कॉम्प्युटरवाल्याचा उपयोग नाही. एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतदाब उरतो. जळका वास, बोर्डवरचे फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर, वीज पडल्यावर बंद झालेलं मशीन, पुराचं पाणी आत गेलेलं मशीन: यातलं काहीही असेल तर ‘चालू होतंय का बघूया’ म्हणून बटण दाबायचं नाही. नवा सेल काही आठवड्यांत उतरला तर बोर्डवर कुठेतरी गळती आहे, तेही तपासणाऱ्याचं काम.

दुरुस्तीचा खर्च जुन्या मशीनच्या किमतीजवळ जात असेल तर मी तरी करत नाही. विंडोज ७ ला असलेला कंपनीचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि विंडोज ११ टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारं हार्डवेअर) मागते, जे या वयाच्या मशीनवर बहुधा नसतं. बँक आणि मेल लिनक्सवर, आणि जुन्या मराठी फाँटचं सॉफ्टवेअर, हिशेब किंवा प्रिंटर अडतो तेवढ्यापुरती विंडोज, नेटशिवाय. अशीच वाटणी असेल तर मशीन अजून चालवण्यासारखं आहे.

दुकानात देताना कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवा: ‘यात दोन सिस्टिम आहेत. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ खाली साटा मोड, लेगसी की यूईएफआय, आणि सेल बदलल्याची तारीख लिहा. तोंडी सांगितलेलं काउंटरवरच राहतं, आतल्या टेबलावर मशीन उघडणारा माणूस दुसराच असतो.